आई-बाबा क्रुगरच्या कुंपणाशेजारी राहायला निघालेत, कितपत सेफ? (आणि जिराफ पोळी खातो का, असं बाबा विचारतायत)

मैत्रेयी_तळजाई

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ प्रोजेक्टसाठी साउथ आफ्रिकेत म्बोम्बेलाला आहे (जुनं नाव नेल्सप्रूट) आणि त्याने जून-जुलैसाठी क्रुगर नॅशनल पार्कच्या कुंपणाशेजारी मार्लोथ पार्क म्हणून जागा आहे तिथे एक घर भाड्याने घेतलंय, आई-बाबांनी येऊन निवांत राहावं म्हणून. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आणि मग आईने व्हिडिओ कॉलवर त्या घराच्या अंगणात झेब्रे बघितले. अंगणात म्हणजे अगदी व्हरांड्याच्या पायरीशी. कंपाउंडची भिंत नाही, गेट नाही, काही नाही. तेव्हापासून आईचं एकच चालू आहे की प्राणीच बघायचेत ना, मग ताडोबाला जाऊ, जिप्सीत बसून बघू आणि रात्री रिसॉर्टच्या खोलीचं दार लावून झोपू, हे प्राण्यांच्यात जाऊन बिऱ्हाड थाटायचं काय खूळ आहे.

बाबा बरोब्बर उलट. ते रोज पहाटे तळजाईवर जातात, खिशात कायम रात्रीच्या उरलेल्या पोळ्या, टेकडीवरची कुत्री ह्यांना लांबून ओळखतात, मोरांशीही ह्यांचं बोलणं चालतं. तर आता तिकडे जाऊन कुणाला काय खायला घालायचं ह्याचं प्लॅनिंग सुरू झालंय. शुगर आहे बाबांना, बाकी तब्येत ठणठणीत.

तिकडे कुणी राहिलंय का खरंच? सिंह-बिंह येतात का घराजवळ, सापांचं काय, मलेरियाचं काय, आणि वेजिटेरियन माणसांचं खाण्याचं काय. भाऊ सगळ्याला "चिल आहे गं ताई" एवढंच उत्तर देतो, त्याचा उपयोग शून्य.

बिबवेवाडी_ते_लोव्हेल्ड

मी म्बोम्बेलालाच असतो, मूळचा बिबवेवाडीचा. मार्लोथला एका मित्राचं घर आहे, तिथे सारखं जाणं होतं, त्यामुळे सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी भूगोल, म्हणजे काकूंना नकाशा दाखवता येईल. क्रुगर नॅशनल पार्क साधारण साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे, आख्खा पुणे जिल्हा त्यात मावतो आणि वर जागा उरते. त्याची दक्षिणेची हद्द म्हणजे क्रोकोडाइल नदी. नदीच्या अलीकडच्या काठावर, मलेलेन आणि कोमातीपूर्टच्या मधे, मार्लोथ पार्क. नदी, मग कुंपण, मग वस्ती. म्बोम्बेलाहून गाडीने तास-सव्वा तास. वाटेत दोन्ही बाजूला ऊस आणि केळी, मलेलेनला साखर कारखाना, पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं बारामतीलाच आलो की काय, फक्त रस्त्याकडेला कुडू (पिळदार शिंगांचं मोठं हरीण) उभा होता.

आता कंपाउंड का नाही. तिथला नियमच तो आहे, प्लॉटला भिंत किंवा तार घालायची नाही, फार तर स्विमिंग पूल किंवा घराला लागूनचा छोटा तुकडा बंद करता येतो. कारण पूर्ण वस्तीतून प्राण्यांना मोकळं फिरता आलं पाहिजे. त्यामुळे सकाळी उठून दार उघडलं की इंपाला (तिकडची हरणं), झेब्रे, कुडू, वॉर्टहॉग (सुळेवाली रानडुकरं), पट्टेवाल्या मुंगसांची तीस-चाळीसची टोळी, कधी जिराफ, जे असेल ते असेल. प्राणी पाळीव नाहीत पण माणसाला बुजत नाहीत, आणि सगळी गडबड इथेच होते. माणसाला वाटतं बुजत नाही म्हणजे दोस्त झाला. तसं नसतं हो. कुडूच्या नराची शिंगं मीटरभराहून लांब असतात, त्याने नुसती माशी हाकलायला मान वळवली तरी समोरच्याचा डोळा जाऊ शकतो, त्याच्या मनात काहीही नसताना. वॉर्टहॉग गुडघ्यांवर बसून चरतो तेव्हा इतका गरीब दिसतो की काका नक्की जवळ जाणार. त्याचे खालचे सुळे वरच्यांवर घासून पात्यासारखे झालेले असतात. दहा-पंधरा पावलांचं अंतर ठेवायचं आणि पिल्लं बरोबर असतील तर व्हरांड्यातूनच बघायचं.

सिंह. खोटं सांगत नाही, अधूनमधून नदी ओलांडून, कुंपणाला भगदाड शोधून एखादा आत येतो. आला की सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतात आणि संध्याकाळनंतर पायी फिरणं बंद. बिबटे आणि तरस तर आहेतच, दिसत नाहीत सहसा. हत्ती पलीकडे नदीत रोज दिसतील, कुंपणाशी जाऊन बघायची जागाच आहे, संध्याकाळी सगळी वस्ती खुर्च्या घेऊन तिथे. रानम्हशी-गेंडे वगैरे मंडळी लायनस्प्रूट म्हणून आतलाच एक वेगळा कुंपण घातलेला भाग आहे तिकडे असतात. साधा नियम: अंधार पडला की पायी कुठेही जायचं नाही, शेजारच्या घरीसुद्धा गाडीने. पाणघोडे रात्री नदीतून बाहेर येऊन चरतात, आणि पाणी आणि पाणघोडा ह्यांच्या मधे माणूस आला तर तो पळवाट शोधत नाही, सरळ अंगावर येतो.

खरा त्रास सांगू? माकडं. व्हर्वेट माकडं आणि बबून. स्वयंपाकघराची खिडकी पाच मिनिटं उघडी राहिली की फळं, ब्रेड, साखरेचा डबा, सगळं झाडावर. सिंहगडावर कणीस हिसकावून नेणारी माकडं बघितलीत ना, बबून त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याला सरकतं दार उघडता येतं. कचऱ्याचा डबा पिंजऱ्यात ठेवायचा, नाहीतर रात्री हनी बॅजर (मुंगसाहून मोठा, दांडगा प्राणी) येऊन उलटा करून जातो.

आणि पहिल्या रात्री झाडावरून लहान मूल रडल्यासारखा आवाज येईल, काकूंना आधीच सांगून ठेवा. तो बुशबेबी. मुठीएवढा प्राणी असतो, मोठे डोळे, बाभळीचा डिंक आणि किडे खातो.

वेज खाण्याची काळजी नको. भाज्या, डाळी, तांदूळ, दही सगळं मिळतं, कणिक मात्र आपल्यासारखी नसते, भावाला सांगा आधी घेऊन ठेव.

पेठी_पुणेकर

आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरात कोथरूडला महात्मा सोसायटीत एक गवा आला होता, चुकून. लोकांनी मोबाइल काढून त्याच्यामागे इतकी पळापळ केली की बिचारा दमून आणि घाबरून मेला. हे आपलं प्राण्यांशी सहजीवन. तेव्हा मैत्रेयीताई, काळजी काकांची नाही, झेब्र्यांची करा :)

मैत्रेयी_तळजाई

@पेठी_पुणेकर अहो तो गवा आठवला की अजून कसंतरी होतं. आई तेव्हा बाबांना म्हणाली होती गॅलरीत जाऊ नका, आणि आपण राहतो सहकारनगरला.

@बिबवेवाडी_ते_लोव्हेल्ड खूप खूप थँक्यू दादा. आईला वाचून दाखवलं. सिंहापर्यंत ठीक होतं, बबून सरकतं दार उघडतो म्हटल्यावर तिने पोस्ट माझ्या हातातून घेऊन परत वाचली.

नाडीपरीक्षा

मी एमडी मेडिसिन, पुण्यात प्रॅक्टिस. ट्रॅव्हलर्स खूप बघते म्हणून लिहितेय, पण हे प्रिस्क्रिप्शन नाही, स्वतःच्या डॉक्टरांना भेटाच, शुगरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून तर नक्कीच.

मलेरिया: तो भाग मलेरियाचाच आहे, सीझन साधारण सप्टेंबर ते मे, म्हणजे जून-जुलै त्यातल्या त्यात बरा काळ निवडलाय भावाने. तरी शून्य धोका नाही. तिकडचा मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, जो लवकर गंभीर होतो, आणि क्लोरोक्विन त्याला चालत नाही. "आमच्याकडे जुनी पट्टी पडलीये घरात" असं करू नका प्लीज. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही आणि कुठल्या, हे डॉक्टर ठरवतील. संध्याकाळी फुल बाह्या, मोजे, क्रीम, रात्री मच्छरदाणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर पहिल्या वाक्यात सांगायचं की आम्ही आफ्रिकेतून आलोय. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ताप म्हटलं की सगळे डेंग्यूच्या टेस्टला पळतात आणि तिकडे वेळ जातो.

गोचीड: हे लोकांना माहीतच नसतं. गवतातून फिरून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे, कंबर बघायची. चावल्यावर काही दिवसांनी काळी खपली आणि ताप, डोकेदुखी, हा टिक बाइट फीव्हर, बुशव्हेल्डमधून (तिकडच्या झुडपी रानातून) येणाऱ्यांत बऱ्यापैकी दिसतो. औषध सोपं आहे, ओळखता आला पाहिजे.

साप: आपण नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांना धरून विचार करतो आणि आपलं प्रतिसर्पविष त्या चौघांसाठीच बनतं, तिकडच्या सापांवर ते नेऊन काही उपयोग नाही. तिकडे ब्लॅक मांबा, पफ अ‍ॅडर, बूमस्लँग आणि मोझांबिक स्पिटिंग कोब्रा. हा शेवटचा घरात शिरतो आणि डोळ्यांच्या दिशेने विष उडवतो. उडालं तर चोळायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचं, आणि हॉस्पिटल. जूनमध्ये तिकडे थंडी असते त्यामुळे साप कमी दिसतात, पण रात्री जमिनीवर गादी टाकून झोपणं नको. बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवू नका, दिव्याला किडे, किड्यांना पाली-बेडूक, त्यांच्यामागे साप, ही रांग आपल्या बंगल्यातही लागते. बूट झटकून घालायचे, विंचू असतात.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असेल तर तिथे १२ तासांहून जास्त थांबणं टाळा आणि विमानतळाबाहेर पडू नका, नाहीतर यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात.

सुटकेस_आणि_मी

सगळे इतकं घाबरवताय का त्या आईंना? आम्ही राहिलोय मार्लोथला, आयुष्यातली बेस्ट ट्रिप. आणि खायला घालण्याचं म्हणाल तर तिथे सगळेच घालतात, दुकानात पोतीच्या पोती मिळतात त्या प्राण्यांच्या खाद्याची, आमच्या घरमालकीणबाईंनी स्वतः बादलीभर दिलं होतं, संध्याकाळी पसरलं की पंधरा-वीस इंपाला आणि एक कुडू बाई रोज हजर. मुलांना किती आनंद झाला सांगू. आपल्याकडे गाईला घास घालतातच की. काकांना आनंद मिळतोय तर मिळू दे ना, दोन पोळ्यांनी काय होणारे.

ओतूरचा_बाळ्या

दोन पोळ्यांनी काय होतं ते आमच्या गोठ्यात येऊन बघा. बैलपोळ्याला प्रेमापोटी पुरणपोळ्या चारतात लोकं, चांगल्या पाच-सात, आणि दुसऱ्या दिवशी बैल पोट फुगून आडवा, डॉक्टरला फोन. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात पीठ-धान्य एकदम गेलं की आंबतं, आम्ल वाढतं, जनावर दगावतंसुद्धा. कुडू काय, इंपाला काय, जिराफ काय, सगळे रवंथवालेच ना? आमचा बैल तरी निदान कडबा-पेंड खाऊन सवयीचा आहे, जिराफ आयुष्यभर पाला खाणारा.

आता मूळ विषयावर. ताई राग मानू नका, पण वाचताना जरा हसू आलं. आमच्या जुन्नर भागात बिबट्याच्या शेजारी राहायचं तिकीट काढावं लागत नाही, फुकट मिळतंय. ऊसतोड लागली की फडात पिल्लं सापडतात, माणिकडोहला निवारा केंद्र आहे तिथे बिबटे ठेवलेत. शेतीची लाइट रात्रीची, म्हणजे पाणी द्यायला रात्रीच जायचं, एक जण बॅटरी घेऊन मागे. पोराला संध्याकाळी अंगणात एकटं सोडत नाही कोणी. त्यामुळे हौसेने कुंपण नसलेल्या घरात राहायला जाणारी माणसं बघितली की वाटतं, यांना सकाळी शेतावर जायचं नाहीये म्हणून हे जमतंय.

बिबवेवाडी_ते_लोव्हेल्ड

बाळ्याभाऊ, शंभर टक्के. आणि तिकडेही हे असंच आहे. मार्लोथमध्ये हॉलिडे होम असणारा माणूस वेगळा आणि क्रुगरच्या पश्चिमेला ज्या वस्त्या आहेत तिथे गुरं पाळणारा वेगळा. हत्ती कुंपण तोडून मक्यात शिरतो, सिंह गाय मारतो, आणि वर रानम्हशींमुळे लाळ्या-खुरकूत पसरायची भीती म्हणून त्या पट्ट्यातल्या गुरांच्या विक्रीवर, वाहतुकीवर बंधनं. ते कुंपण नुसतं माणसाला वाचवायला नाही, रोग अडवायलाही आहे. त्या माणसाला व्हरांड्यात झेब्रा आला तर तो फोटो काढत बसणार नाही.

@सुटकेस_आणि_मी, तुम्ही बघितलंत ते खरं आहे, खायला घालतात. मार्लोथमध्ये ह्यावरून कायमचे दोन तट आहेत, आपल्याकडे कबुतरांना दाणे घालण्यावरून सोसायटीत भांडणं होतात तसंच. एक गट म्हणतो दुष्काळ पडला की चारा उरत नाही, लसूणघास आणि गोळीपेंड दिली नाही तर जनावरं डोळ्यासमोर मरतील, आणि २०१५-१६ ला इतका वाईट दुष्काळ होता की त्यांचं अगदीच चूक म्हणवत नाही. दुसरा गट म्हणतो, तुम्ही घालता म्हणून संख्या वाढते, जमिनीवर गवताची काडी राहत नाही, आणि मग संख्या कमी करायला गोळी घालावी लागते. मी दुसऱ्या गटातला. भाड्याने येणारा पाहुणा तर हे सगळं आपल्या आनंदासाठी करतो आणि निघून जातो, वॉर्टहॉग मात्र पुढच्या पाहुण्याच्या दाराला धडका देत राहतो.

अजून एक, क्रुगरमध्ये गुरांचा टीबी आहे. रानम्हशींमध्ये १९९० ला सापडला, मग इतर प्राण्यांत गेला, कुडूंमध्ये तर मानेच्या, कानाखालच्या गाठी सुजलेल्या दिसतात. एकाच घमेल्यात पंधरा तोंडं घातली की काय होणार सांगा. रानात हे प्राणी लांब लांब पांगून खातात, ताटं लावून बसत नाहीत.

त्यामुळे काकांना सांगा पोळी नाही, ब्रेड नाही, केळं तर नाहीच. बुशबेबीला केळं ठेवतात लोक, नुसती साखर, आणि त्यामुळे घरात यायची चटक लागते ती वेगळीच. त्यापेक्षा घराभोवतीची झाडं ओळखायला लावा. तिथे बफेलो थॉर्न म्हणून झाड आहे, ते आपल्या बोरीच्याच कुळातलं, काटेही तसेच, एक सरळ एक वाकडा. काकांना लगेच ओळख पटेल. त्याचा पाला कुडू आणि जिराफ दोघं खातात. जो खाणार आहे तो झाडापाशी येतोच.

सुटकेस_आणि_मी

टीबीचं खरंच माहीत नव्हतं. घरमालकीणबाईंनी सांगायला हवं होतं. पण मुलांसमोर इतकं जवळून बघण्यातली गंमत होती ती होतीच, ते मी खोडणार नाही.

मैत्रेयी_तळजाई

ओके, तर रविवारची बैठक झाली घरी. बैलाचं पोट फुगण्याचं उदाहरण बाबांना एकदम पटलं (आजोळ चाकणकडचं, गोठा होता), जे माझं इतकी वर्षं कुत्र्यांच्या बाबतीत पटलं नव्हतं. आई तयार झालीये, पण अटी आहेत. संध्याकाळी सहाला सगळी दारं बंद, मच्छरदाणी इथूनच न्यायची, आणि स्वयंपाकघरात ती असताना खिडकीशी बाबांनी उभं राहायचं, बबूनसाठी. क्रुगरमध्ये एक-दोन दिवस गाडीने जाणारच आहेत, भाऊ नेईल.

आता बाबांचे नवीन प्रश्न. दुर्बीण घ्यायचीये, ८ बाय ४२ का १० बाय ४२? आणि चार्जर वगैरेसाठी अ‍ॅडॉप्टर कुठला लागतो?

बिबवेवाडी_ते_लोव्हेल्ड

दुर्बीण ८ बाय ४२. दहापटवाली हातात स्थिर राहत नाही, चित्र हलतं, आणि झाडीतून बघायचं तर रुंद दिसणं जास्त कामाचं. क्रुगरला जाताना कोमातीपूर्टवरून क्रोकोडाइल ब्रिज गेटने आत शिरा, जवळ पडतं, आणि भावाला सांगा गेट बंद व्हायच्या वेळेआधी बाहेर पड, उशीर झाला तर दंड लावतात. अंधारात एन-फोर हायवेने म्बोम्बेलाला परतायचंच नाही, कुडू हेडलाइटच्या उजेडात उडी मारतो तो थेट काचेवर.

प्लगचं सोपं आहे. आपल्याकडे गीझरला, एसीला असते ना ती मोठी तीन पिनी, १६ अँपिअरची, तीच तिकडे घराघरात. अ‍ॅडॉप्टर घेऊच नका, रविवार पेठेतून मोठ्या पिनेचा एक एक्स्टेंशन बोर्ड घ्या ज्याला आपले साधे सॉकेट असतील, आणि त्यावर दोघांचे फोन, बाबांचा शेव्हर, सगळं लावा. इलेक्ट्रिक केटल तिकडे प्रत्येक घरात असते, ती नका नेऊ.